वेळापत्रकात न छापलेले तास

प्रथम वर्षाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले, की विद्यार्थी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढतात आणि आठवड्याचे आपले काम एवढेच, असे धरून चालतात. मी पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात मी जे सांगते ते येथे सविस्तर लिहीत आहे : त्या कागदावर तुमच्या कामाचा साधारण दोन तृतीयांश भागच छापलेला असतो. उरलेला एक तृतीयांश भाग कोणी छापून देत नाही, त्याची घंटा होत नाही आणि त्याची हजेरीही लागत नाही. पहिल्या सत्रात जे विद्यार्थी अडखळतात, त्यांतील बहुतेकांची अडचण बुद्धीची नसते. हे न छापलेले तास आपल्या आठवड्यात नेमके कुठे आहेत, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

हा हिशेब अंदाजाचा नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीचा अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये मोजला जातो, आणि राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे 30 तासांचे शिकणे गृहीत धरलेले आहे. या 30 तासांत वर्गातील तास, प्रयोगशाळा, स्वाध्याय आणि स्वतः केलेला अभ्यास असे सगळे येते. लेखी विषयाच्या एका क्रेडिटसाठी वर्गात 15 तास शिकवले जाते, तर प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी प्रयोगशाळेत 30 तास काम करावे लागते. आता 22 क्रेडिटचे एक सत्र घ्या आणि त्यात 14 क्रेडिट लेखी विषयांचे व 8 प्रात्यक्षिकांचे आहेत असे धरा. प्रत्यक्ष विभागणी विद्यापीठागणिक आणि विषयांगणिक बदलते, पण हिशेबाची रीत तीच राहते. सत्र 15 आठवड्यांचे असेल, तर आठवड्याला 14 तास वर्गात आणि 16 तास प्रयोगशाळेत, म्हणजे 30 तास वेळापत्रकावर दिसतात. मात्र 22 क्रेडिटचे एकूण 660 तास होतात आणि त्यांना 15 ने भागले की आठवड्याला 44 तास येतात. मधले 14 तास तुम्ही स्वतः बसून शिकण्याचे आहेत. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ते गृहीत धरले आहेत, प्रश्नपत्रिका काढणारेही ते गृहीत धरतात. फक्त विद्यार्थ्याच्या हातातल्या कागदावर ते नसतात. त्यात प्रवेशप्रक्रिया लांबली आणि सत्राचे 15 ऐवजी 12 आठवडेच हाती आले, तर तोच भार आठवड्याला 55 तासांवर जातो. ज्यांचा प्रवेश शेवटच्या फेरीत होतो, त्यांनी तर हे पहिल्याच दिवशी मांडून पाहिले पाहिजे.

बारावीपर्यंत हा प्रश्न उभाच राहत नाही. गेल्या काही वर्षांत विज्ञान शाखेतील कितीतरी मुलांची अकरावी-बारावी खासगी क्लासच्या वेळापत्रकात जाते. पहाटे तुकडी, दुपारी तुकडी, संध्याकाळी चाचणी, रविवारी मोठी परीक्षा, आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा संबंध पुष्कळदा प्रवेशापुरता व प्रात्यक्षिक परीक्षेपुरता. कोणता धडा कधी वाचायचा, कोणती गणिते आज सोडवायची, किती वाजता उठायचे, हे सारे दुसऱ्यांनी ठरवलेले असते आणि मुले ते निमूटपणे, जीव तोडून पार पाडतात. लातूर-नांदेडकडून किंवा कोटा येथे राहून आलेली मुले कष्टाला अजिबात कमी नसतात. त्यांना सवय नसते ती एवढ्याचीच, की सकाळी साडेदहा ते दुपारी साडेबारा या वेळात आपल्याला कोणीही कुठेही बोलावलेले नाही आणि तरीही ती वेळ कामाची आहे. मला या मुलांविषयी फार आपुलकी वाटते, कारण दोन वर्षे अखंड धावल्यानंतर आता जरा मोकळे व्हावे, ही त्यांची इच्छा अगदी रास्त असते. मोकळे व्हायला हवेच. त्यासाठी आठवड्यात जागाही आहे, आणि ती कुठे आहे हे पुढच्या हिशेबात दिसेल.

आठवड्याचे तास 168. रोज साडेसात तासांची झोप धरली तर साडेबावन्न तास जातात. जेवण, आंघोळ, कपडे आणि घरातली किरकोळ कामे यांना रोज तीन तास धरले तर 21 तास. महाविद्यालय लांब असेल आणि जाण्यायेण्यात रोज दोन तास मोडत असतील, तर सहा दिवसांचे 12 तास. अभ्यासाचे 44 तास यात मिळवले की बेरीज एकशे साडेएकोणतीस होते आणि साडेअडतीस तास उरतात. म्हणजे पूर्ण झोप घेऊन, सगळा अभ्यास करून आणि रोजचा प्रवास सोसूनही रोजचे साडेपाच तास हातात राहतात. ढोल-ताशा पथक, एकांकिका, मैदान, मित्र, पुस्तके, घरच्यांशी गप्पा, हे सगळे त्यात बसू शकते. वेळच मिळत नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्याचा आठवडा कागदावर उतरवायला सांगते तेव्हा बहुतेक वेळा असे दिसते, की वेळ कमी पडलेला नसून 14 तासांच्या त्या अभ्यासाला ठरलेली जागा नव्हती, आणि ज्याला जागा नसते ते काम रात्री अकरानंतर ढकलले जाते.

ही जागा सापडते ती दोन तासिकांच्या मधल्या मोकळ्या वेळात. सकाळी साडेसातला पहिली तासिका, साडेदहाला वर्ग सुटतात आणि साडेबाराला प्रात्यक्षिकाची बॅच लागते. कधी एखादी तासिका दुपारी एकटीच असते, कधी आपली बॅच नसलेल्या दिवशी वर्ग लवकर सुटतो. अशा सुट्या वेळांची आठवड्याची बेरीज आठ-दहा तासांपर्यंत सहज जाते. त्यातला अर्धा वेळ कँटीनला आणि कट्ट्याला खुशाल द्यावा. मैत्री तिथेच होते, आणि पहिल्या वर्षी मैत्री होणे ही काही किरकोळ गोष्ट नाही. पण उरलेला अर्धा वेळ ग्रंथालयाच्या वाचनकक्षात गेला, तर 14 पैकी चार-पाच तास घरी नेण्याआधीच पुरे होतात. त्यासाठी रोज नव्याने निर्णय घेण्याची पाळी येऊ नये. वेळापत्रकाच्या फोटोवरच मंगळवार साडेदहा ते साडेअकरा गणित, गुरुवार साडेदहा ते साडेअकरा रसायनशास्त्र, असे लिहून टाकावे आणि ते तास छापील तासिकांइतकेच पक्के मानावेत. मित्रांनी विचारले तर माझे लेक्चर आहे, असे सांगायलाही हरकत नाही, कारण ते खोटे नसते.

या तासाभरात काय करायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. वही उघडून पुन्हा पुन्हा वाचू नये. सकाळच्या तासिकेत काय झाले ते वही मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढावे, सिद्धता असेल तर ती पायरीपायरीने मांडावी, आणि जिथे हात थांबतो तिथेच वही उघडावी. अमेरिकेतील रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. एकाच उताऱ्याचे पुन्हा पुन्हा वाचन करणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले. पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि त्यामुळे आपल्याला येते असा समज होतो. आठवून लिहिताना मात्र आपल्याला काय येत नाही ते वीस मिनिटांत कळते, आणि ते कळल्यावर त्याच दिवशी शिक्षकांना गाठता येते. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून दोन मिनिटांत विचारलेली शंका पुढे परीक्षेच्या आदल्या रात्रीचे दोन तास वाचवते, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता प्रात्यक्षिकांकडे येते, कारण प्रथम वर्षाच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा वेळ सर्वांत जास्त कुठे वाया जात असेल तर तो जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगांच्या नोंदवहीत. बार पेंडुलमचा प्रयोग घेऊ. सुमारे एक मीटर लांबीच्या धातूच्या पट्टीला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात. एकेक भोक आधाराच्या धारेवर अडकवून पट्टी हलकेच झुलवायची आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा; मग पुढचे भोक, आणि मध्यापर्यंत पोहोचल्यावर पट्टी उलटी करून दुसऱ्या टोकापासून तेच. पट्टीच्या टोकाला टांगली असता वीस आंदोलनांना साधारण 33 सेकंद लागतात; आधार मध्याकडे सरकवत नेला की हा वेळ कमी होत साडेतीस सेकंदांच्या आसपास येतो आणि तिथून पुढे, मध्याच्या जवळ जाताना, पुन्हा झपाट्याने वाढतो. या सगळ्याचा आलेख काढला की दोन सारख्या वक्ररेषा मिळतात. त्यांना छेदणारी आडवी रेषा चार बिंदूंत छेदते आणि त्या बिंदूंमधल्या अंतरांवरून गुरुत्वत्वरण काढता येते. फार सुंदर प्रयोग आहे हा. एक साधी पट्टी झुलवून पृथ्वीच्या ओढीचे माप हाती येते, आणि उत्तर सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग या एककात 980 च्या जवळ आले की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी मी तो दर वर्षी उत्साहाने शिकवते.

आता याच प्रयोगाची वाचने एखाद्याने घाईघाईत सुट्या कागदावर टिपली आहेत असे समजा : 31.2, 30.8, 31.5, 32.4. कोणत्या आकड्यापुढे कोणते भोक, ते लिहिलेले नाही, कारण त्या वेळी ते डोळ्यांसमोर होते. त्याच संध्याकाळी जर्नल लिहायला घेतले तर ते आठवते, बॅचमधल्या जोडीदाराला विचारता येते, आणि तक्ता, आलेख व आकडेमोड मिळून पाऊण तासात रायटअप पुरे होते. तोच कागद ऑक्टोबरमध्ये, सबमिशनच्या आठवड्यात, बॅगेच्या तळातून निघाला तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. या प्रयोगात मध्याच्या एकाच बाजूला दोन वेगवेगळ्या अंतरांवर आंदोलनकाल सारखाच येतो, त्यामुळे 31.5 हे वाचन टोकाकडचे की मध्याकडचे, हे नुसत्या आकड्यावरून कितीही विचार केला तरी ठरवता येत नाही. मग दुसऱ्या कोणाच्या जर्नलमधून उतरवून घेणे किंवा प्रयोग पुन्हा करणे, हे दोनच मार्ग राहतात. पहिल्यात शिकणे होत नाही आणि तोंडी परीक्षेत, किमान आंदोलनकाल कोणत्या अंतरावर येतो आणि का, एवढे विचारले तरी विद्यार्थी गप्प होतो. दुसऱ्यासाठी सत्राच्या अखेरीस प्रयोगशाळेत जागा मिळेपर्यंत थांबावे लागते, कारण त्या आठवड्यात अर्धा वर्ग त्याच कामासाठी दारात उभा असतो.

म्हणून माझे सांगणे असे, की प्रात्यक्षिकाच्या दिवसाची संध्याकाळ त्या प्रात्यक्षिकाच्या रायटअपसाठी राखून ठेवावी आणि त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही अभ्यासाचे काम अंगावर घेऊ नये. पुढच्या बॅचला जाताना मागचे जर्नल तपासून, सही घेऊनच आत जावे. सत्रातली सगळी प्रात्यक्षिके अशी पार पडली, तर सबमिशनचा आठवडा मोकळा मिळतो, आणि परीक्षेच्या तोंडावर मोकळा मिळालेला आठवडा म्हणजे काय, हे ज्यांनी तो अनुभवला आहे तेच सांगू शकतील. माझ्या पाहण्यातले शांतपणे परीक्षेला बसणारे विद्यार्थी बहुतेक असेच असतात. त्यांत पहिल्या क्रमांकाचे असतात तसे अगदी मध्यम गुणांचेही असतात.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज सर्वांचाच चुकतो, हेही लक्षात घ्यायला हवे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले होते. सरासरी उत्तर सुमारे 34 दिवस असे आले. सगळ्या गोष्टी जितक्या बिघडू शकतात तितक्या बिघडल्या तर किती दिवस लागतील, याचे सरासरी उत्तर सुमारे 49 दिवस होते. प्रत्यक्षात लागले सुमारे 55 दिवस. म्हणजे सर्वांत वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. रविवारी दोन तासांत चार रायटअप संपवतो, असे जो विद्यार्थी म्हणतो तो खोटे बोलत नसतो. त्याला मनापासून तसे वाटत असते. यावर मला एक साधा उपाय परिणामकारक वाटतो. पहिले तीन आठवडे प्रत्येक कामाच्या पानावर, समासात, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहावी. एक रायटअप पन्नास मिनिटे, गणिताचा एक स्वाध्याय दीड तास, मुक्त वैकल्पिक विषयाचा प्रकल्प-अहवाल चार तास, असे स्वतःचे आकडे हाती आले, की पुढचे नियोजन मनातल्या इच्छेवर न करता त्या आकड्यांवर करता येते. नव्या रचनेत मुख्य विषयांशिवाय मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यविषयक अभ्यासक्रम असे दोन-दोन क्रेडिटचे विषय असतात. त्यांचे स्वाध्याय छोटे दिसतात, पण त्यांची मुदत बहुधा एकाच आठवड्यात येते, आणि समासातल्या नोंदी असल्या की तो आठवडा आधीच दिसतो.

प्रवासाबद्दल थोडेसे. लोणावळा, तळेगावकडून लोकलने किंवा उपनगरांतून पीएमपीच्या बसने येणाऱ्या मुलांना, बसमध्ये अभ्यास कर, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. गर्दीत उभ्याने दांडीला धरून झालेला अभ्यास हिशेबात धरू नये. बसायला जागा मिळाली तर गोष्टीचे पुस्तक वाचावे, गाणी ऐकावीत किंवा डोळे मिटून पडावे. परतीच्या गाडीला वेळ असेल, दुपारी लोकल विरळ असतात तेव्हा तर नेहमीच, तर तो वेळ फलाटावर न घालवता वाचनकक्षात घालवावा, एवढे मात्र नक्की सांगेन.

घरी राहणाऱ्या मुलींशी मला स्वतंत्रपणे बोलायचे आहे, कारण वरच्या हिशेबात घरकामाला मी जो वेळ धरला तो त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत अपुरा आहे. सकाळचे डबे, संध्याकाळच्या पोळ्या, धाकट्या भावंडांचा अभ्यास, पाहुणे, आजीची औषधे, ही कामे त्यांच्याकडे न बोलता येतात. आणि कॉलेज दुपारीच सुटते असे घरच्यांना वाटत असल्यामुळे त्यांचा दुपारनंतरचा वेळ घराचा धरला जातो. घरच्यांचा यात वाईट हेतू असतो असे नाही. त्यांच्याही डोळ्यांसमोर छापलेले 30 तासच असतात. म्हणून 44 तासांचा हा हिशेब एका कागदावर लिहून आई-बाबांना समोर बसवून दाखवावा. कोणत्या दिवशी जर्नल लिहायचे आहे, कोणत्या दिवशी ग्रंथालयात थांबून उशिरा यायचे आहे, हे त्यावर स्पष्ट लिहावे आणि तो कागद स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेशेजारी लावावा. कामाची वाटणी करायची असेल तर भावाचेही नाव त्यात यावे. आईने असा कागद पाहिल्यावर, गुरुवारी तू उशिरा आलीस तरी चालेल, असे आपणहून सांगितल्याची उदाहरणे माझ्या विद्यार्थिनींनी मला सांगितली आहेत. जिथे हे जमत नाही, तिथे महाविद्यालयातले मधले मोकळे तास हीच त्या मुलीची हक्काची जागा असते आणि तिने ती कोणालाही देऊ नये.

वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. तिथे वेळ मागणारे कोणी नसते, पण दिवस संपवणारेही कोणी नसते. मेसची वेळ हाच काय तो दिवसातला ठरलेला टप्पा. तेव्हा रात्रीच्या जेवणाआधीचे दोन तास अभ्यासाचे आणि नंतरचा वेळ गप्पांचा, अशी वाटणी केली तर ती सहसा टिकते. उलट केली तर टिकत नाही. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आलेल्या मुलांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरची ओढ फार असते, आणि शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघून सोमवारी दुपारी परतायचे, असे सुरू झाले की शनिवारची प्रात्यक्षिके आणि सोमवारच्या सकाळच्या तासिका दोन्ही जातात. घरी जावे, आईच्या हातचे जेवून यावे. पण सत्राच्या सुरुवातीलाच जोडून येणाऱ्या सुट्या पाहून कोणत्या आठवड्यात जायचे ते ठरवून टाकावे, म्हणजे इतर आठवड्यांत दर शुक्रवारी मनाची घालमेल होत नाही.

पुण्यातल्या पहिल्या सत्राची खरी परीक्षा मात्र श्रावण-भाद्रपदात होते. गणेशोत्सवाच्या कितीतरी आठवडे आधीपासून नदीकाठी पथकांचे सराव सुरू होतात. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिका व्हायच्या असतात, त्यामुळे नाटकवाल्या मुलांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले असेल तर वर्षाला 120 तासांचे काम असते, म्हणजे 30 आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला चार तास. यांतले काहीही करू नका, असे मी कधीही म्हणणार नाही. पथकात सहा दिवस रोज तीन तास दिले तरी 18 तास होतात आणि मघाच्या साडेअडतीस तासांत ते आरामात बसतात. पथक आणि एकांकिका आणि सेवा योजना, तिन्ही एकाच सत्रात मात्र बसत नाहीत, आणि बसवायला गेले की पहिला बळी झोपेचा जातो व दुसरा सकाळच्या तासिकेचा. पहिल्या सत्रात एकच मोठी गोष्ट मनापासून निवडावी, दुसरी पुढच्या सत्रासाठी ठेवावी. तीन वर्षांत सहा सत्रे येतात.

हजेरीचा हिशेबही याच दिवसांत बिघडतो. किमान 75 टक्के उपस्थिती लागते, म्हणजे उरलेली 25 टक्के आपल्या हक्काची रजा आहे, असे मुले धरतात. दोन क्रेडिटच्या लेखी विषयाच्या 30 तासिका असतील तर अशा फक्त सात तासिका हातात राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सराव आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची झोप यांत त्या संपल्या, आणि पावसाळ्याच्या शेवटी डेंगी किंवा व्हायरल तापाने अंथरूण धरावे लागले, की मग वैद्यकीय दाखले घेऊन कार्यालयात फेऱ्या सुरू होतात. त्या सात तासिका आजारपणासाठी आणि घरच्या अडीअडचणींसाठी राखून ठेवल्या, तर ती वेळ येत नाही.

जे शिकता शिकता कमावतात त्यांना माझा हिशेब निष्ठुर वाटेल, याची मला जाणीव आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वतःच्या कष्टावर शिकण्याची जी परंपरा महाराष्ट्रात रुजवली, ती आज कमवा आणि शिका योजनेच्या रूपाने अनेक महाविद्यालयांत चालू आहे. त्या योजनेतले काम महाविद्यालयाच्या आवारातच होत असल्याने ते वेळापत्रकाशी जुळवता तरी येते. पण पहाटे वर्तमानपत्रे टाकून किंवा रात्री घरपोच जेवण पोहोचवून जो वर्गात येतो, त्याच्या आठवड्यात 44 तास खरोखरच बसत नाहीत, आणि त्याला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. अशा विद्यार्थ्याने प्रात्यक्षिके चुकवू नयेत, कारण हुकलेली तासिका मित्राच्या वहीतून थोडीफार भरून निघते, प्रयोगशाळेत हुकलेले दोन-तीन तास भरून निघत नाहीत. आपल्या कामाच्या वेळा त्याने मेंटॉर शिक्षकांना पहिल्याच महिन्यात सांगाव्यात. बॅच बदलून देणे, स्वाध्यायाला चार दिवस वाढवून देणे एवढे आमच्या हातात असते, आणि ते आम्ही आनंदाने करतो. मात्र ऑक्टोबरमध्ये कळले तर करण्यासारखे फारसे उरत नाही.

मोबाइलविषयी एवढेच, की वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना येतात म्हणून तो सतत हातात लागतो, हे पूर्ण खरे नाही. सूचना दिवसातून दोनदा पाहिल्या तरी पुरतात. वाचनकक्षातल्या त्या एका तासात तो बॅगेत, आवाज बंद करून ठेवावा.

शेवटी, ज्यांचे सप्टेंबर उलटेपर्यंत पुष्कळ काही साचले आहे त्यांच्यासाठी. पहिल्या घटकापासून सगळे पुन्हा सुरू करू, असे ठरवू नका. तसे ठरवणारा विद्यार्थी जुने भरून काढण्यासाठी आजच्या तासिकांना दांडी मारतो आणि मागे पडलेले अंतर तेवढेच राहते. आजची तासिका आणि आजचे प्रात्यक्षिक त्याच दिवशी पुरे करण्याचा नियम आजपासून सुरू करावा, आणि साचलेल्यासाठी रोज एक वेगळा तास, आठवड्याला सहा, बाजूला काढावेत. त्यातही आधी अपुरी जर्नले घ्यावीत, कारण त्यांची तारीख ठरलेली असते. मग प्रत्येक विषयातला एकेक घटक, मागच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून, आठवून लिहिण्याच्या पद्धतीने. पाच आठवड्यांत असे 30 तास होतात आणि त्यांत एखाद्या विषयाचा अपवाद सोडला तर बहुतेक भाग परीक्षेपुरता सावरता येतो. तो एखादा विषय राहिला आणि केटी लागली, म्हणजे त्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, तरी पुढच्या सत्राच्या वेळापत्रकावर त्याचे दोन तास पहिल्या दिवशीच लिहून टाकावेत. पुन्हा करायच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा कोणत्या दिवशी मोकळी असते, ते प्रत्येक विभागात वेगळे असते. सबमिशनच्या आठवड्याची वाट न पाहता प्रयोगशाळा साहाय्यकांना याच आठवड्यात विचारून घ्या आणि वहीत आपले नाव लावून या.